‘त्यांनी मारलं म्हनं’ : बचावपक्षाची दृष्टी आणि न्यायालयातील मराठी

१

फौजदारी खटल्यात न्यायासनापुढे गुन्हा कधीच येत नाही. येतात ते गुन्ह्याविषयीचे शब्द. फिर्याद, पंचनामा, जबाब, साक्ष, उलटतपास आणि निकाल ही सारी शब्दरचनाच होय. हत्यार व मुद्देमाल हे मूक असतात. त्यांच्या वतीने बोलावे लागते ते साक्षीदारालाच. म्हणून फौजदारी कायद्याकडे पाहण्याची बचावपक्षाच्या वकिलाची दृष्टी आणि भाषाभ्यासकाची दृष्टी यांत वरवर दिसते त्यापेक्षा पुष्कळच साम्य आहे. हाती आलेल्या मजकुराला दोघेही सारखेच प्रश्न विचारतात. हे शब्द मूळचे कोणाचे? ते कोणी, केव्हा व कोणत्या भाषेत उतरवले? उतरवताना काय गळले आणि काय भरीस पडले? सरकारी वकील मजकुराच्या आशयावर उभा असतो. बचावाच्या वकिलाला मजकुराच्या घडणीकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. या दृष्टीची योग्यता आणि तिच्या मर्यादा यांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तपासणी मूर्त व्हावी म्हणून एक सर्वसामान्य प्रसंग कल्पावा. मुळशी तालुक्यातील भरे या गावी बांधाच्या वादावरून मारामारी होते. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात उभे राहिल्यापासून येथील जमिनीला जे मोल आले, त्यामुळे असा वाद आता केवळ हातभर बांधापुरता राहिलेला नाही. प्रकरण पौडच्या ठाण्यात जाते, तेथून पौडच्या न्यायालयात आणि आरोप गंभीर असल्यास पुण्याच्या सत्र न्यायालयात. त्या गावची एक वृद्ध स्त्री साक्षीदार आहे. ती म्हणते, ‘त्यांनी मारलं म्हनं.’ तीन शब्दांच्या या वाक्यात एका माणसाचे स्वातंत्र्य किती प्रकारे अडकलेले आहे हे पुढे दिसेल. तत्पूर्वी या दृष्टीचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक ऐतिहासिक दाखला पाहणे इष्ट होईल.

२

तो दाखला म्हणजे जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चाललेला लोकमान्य टिळकांवरील खटला. ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तील दोन लेख या खटल्याच्या मुळाशी होते, आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ व १५३-अ खाली होते. न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे खटला चालला. विशेष ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. लेख मराठी, ते ज्यांच्यासाठी लिहिले ते वाचक मराठी. परंतु ज्यांनी त्यांचा परिणाम ठरवायचा त्यांच्या हाती होते ते इंग्रजी भाषांतर. टिळकांनी आपला बचाव स्वतः चालवला, शासकीय भाषांतरकाराचा उलटतपास घेतला आणि ज्यूरीपुढे सुमारे एकवीस तास भाषण केले. २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. न. चिं. केळकर यांनी त्याच वर्षी या खटल्याचा समग्र इंग्रजी वृत्तान्त प्रसिद्ध केल्यामुळे हे भाषण आज एक संहिता म्हणून अभ्यासता येते.

या भाषणाची चर्चा बहुधा राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात होते. त्याची भाषाविषयक बाजू तितकीच महत्त्वाची आहे. लेखकाला शिक्षा द्यावयाची ती त्याने लिहिलेल्या शब्दांबद्दल, दुसऱ्याने केलेल्या भाषांतराबद्दल नव्हे, हे त्या बचावातील मूळ सूत्र होय. राजकीय विचार मराठीत त्या काळी नव्याने रूढ होत होते. त्यांच्यासाठी लागणारे शब्द घडत होते. अशा संक्रमणावस्थेतील भाषेच्या शब्दाला कोशातील एकच प्रतिशब्द लावला की अर्थाचा तोल ढळतो. ‘जुलूम’ हाच शब्द उदाहरणादाखल घ्यावा. मराठी बोलीत तो सावकाराच्या कडक वसुलीपासून उन्हाच्या तापापर्यंत सर्वत्र चालतो. त्याचे भाषांतर राज्यशास्त्रातील अत्याचारी सत्तेच्या वाचक शब्दाने केले की तक्रारीचे रूपांतर तत्काळ बंडात होते. शब्द तोच राहतो. त्याची पायरी बदलते. हा पायरीचा फरक कोशात सापडत नाही, तो वापरात सापडतो.

तथापि या बचावाची चिकित्साही केली पाहिजे. पहिली गोष्ट अशी की, टिळकांच्या युक्तिवादात दोन भिन्न भूमिका शेजारी-शेजारी उभ्या आहेत. एक, शब्दाचा योग्य अर्थ सांगून भाषांतर सदोष ठरवणे. दुसरी, लेख हे अँग्लो-इंडियन पत्रांशी चाललेल्या वादातील उत्तर आहेत, म्हणून ते त्या वादाच्या संदर्भातच वाचावेत असे सांगणे. पहिली भूमिका शब्दाला स्थिर अर्थ आहे असे धरून चालते, तर दुसरी अर्थ हा संदर्भाधीन आहे असे मानते. तर्कदृष्ट्या त्यांचा मेळ घालता येतो, पण त्यासाठी कोणती भूमिका मुख्य व कोणती पूरक हे श्रोत्यास सांगावे लागते. एकवीस तासांच्या विस्तारात हा क्रम पुसट झाला. दुसरी गोष्ट, संदर्भ सिद्ध करण्यासाठी बचावपक्षाने वृत्तपत्रांचे कागद पुराव्यात दाखल केले आणि त्यामुळे ज्यूरीपुढे पक्षकारांपैकी शेवटचे बोलण्याचा अधिकार फिर्यादीपक्षाकडे गेला. व्यवसायी वकिलाने या लाभहानीचा हिशेब कदाचित निराळा मांडला असता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याला मूळ भाषा येत नाही अशा श्रोत्याला भाषांतरातील दोष भाषांतराच्याच भाषेत पटवून द्यावयाचा, ही अडचण कोणत्याही वक्तृत्वाने दूर होण्यासारखी नव्हती. मराठी न जाणणाऱ्यांचे प्राबल्य असलेली ज्यूरी नेमली जाऊ नये म्हणून जोसेफ बॅप्टिस्टा यांनी खटल्यापूर्वीच हरकत घेतली होती. बचावाची खरी लढाई तेथेच झाली आणि तेथेच ती हरली गेली, असे म्हणावे लागते.

याच्याशी १९१६ चे प्रकरण ताडून पाहण्याजोगे आहे. बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका व जामीन मागण्यात आला. त्या वेळी उच्च न्यायालयात महंमद अली जिना यांनी त्यांची बाजू मांडली आणि न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये न वेचता भाषणे समग्र वाचावीत व त्यांचा एकंदर परिणाम पाहावा, हे तत्त्व येथे फलदायी ठरले. वाक्याचा अर्थ समग्र संहितेतून ठरतो, हा भाषाशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त न्यायालयाने आपल्या मार्गाने मान्य केला असे म्हणण्यास हरकत नाही. दोन्ही प्रकरणांत आरोपी एकच होता, आरोपाचा रोखही जवळजवळ एकच होता. बदलली होती ती वाचनाची रीत व वाचणारे. एका वाचनाने मंडाले, दुसऱ्याने मोकळीक. वाचनपद्धती हा केवळ विद्वानांच्या चर्चेचा विषय नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३

आता भरे गावच्या साक्षीदाराकडे वळावे. ‘त्यांनी मारलं म्हनं’ या वाक्यातील पहिला शब्द ‘त्यांनी’. मराठीत हे रूप अनेकवचनी आहे आणि आदरार्थी एकवचनीही आहे. नवऱ्याचे, दिराचे वा गावातील वडीलधाऱ्याचे नाव न घेण्याची रीत पाळणाऱ्या स्त्रीच्या तोंडी ‘त्यांनी’ म्हणजे बहुधा एकच माणूस. पण जबाब लिहिणाऱ्याने ते अनेकवचन मानले की एकाचे अनेक होतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ प्रमाणे पाच वा अधिक माणसे असल्याशिवाय बेकायदेशीर जमाव होत नाही. आणि जमाव ठरला की त्यातील एकाच्या कृत्याची जबाबदारी इतरांवरही येऊ शकते. आदराच्या एका प्रत्ययातून चार निरपराध माणसे आरोपीच्या पिंजऱ्यात येऊ शकतात, ही अतिशयोक्ती नव्हे.

दुसरा शब्द ‘मारलं’. मराठीत ‘मारणे’ हे क्रियापद चापट मारण्यापासून जीव घेण्यापर्यंत पसरलेले आहे. ‘त्याला मारलं’, ‘त्याला मारून टाकलं’, ‘त्याला लागलं’ या तीन रचनांत कर्त्याच्या इच्छेचा अंश वेगवेगळा आहे. ‘लागलं’ मध्ये तर कर्ताच उरत नाही. खून, सदोष मनुष्यवध आणि दुखापत यांतील सीमा कायद्याने हेतू व जाणीव यांवर आखली आहे. ती सीमा ग्रामीण वक्त्याच्या भाषेत क्रियापदाच्या निवडीतून व्यक्त होते. इंग्रजी भाषांतरात या तिन्ही रचना एकाच क्रियापदाखाली आल्या की हेतूविषयीचा साक्षीदाराचा स्वतःचा निर्वाळाच पुसला जातो.

तिसरा शब्द ‘म्हनं’, म्हणजे प्रमाणभाषेतील ‘म्हणे’. हा शब्द क्रियापदापासून निघाला असला तरी येथे त्याचे कार्य अव्ययाचे आहे. सांगितलेली गोष्ट आपण पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, असे तो नोंदवतो. ज्ञानाचा उगम व्याकरणानेच सांगण्याची सोय पुष्कळ भाषांत आहे. मराठीत ती या एका शब्दाने साधते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, पाहण्याची गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगितली पाहिजे, हा नियम १८७२ च्या पुरावा अधिनियमात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे वृद्धेने ‘म्हनं’ या शब्दाने आपली साक्ष या मुद्द्यापुरती ऐकीव असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले होते. लेखनिकाला तो शब्द बोलण्याची लकब वाटला, त्याने तो गाळला, आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची झाली.

याच्या उलट, साक्षीदार जे बोललेला नाही ते दप्तरात येते. ‘मागील भांडणाचा राग मनात धरून’, ‘संगनमत करून’, ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’, ‘शिवीगाळ व दमदाटी करून जिवे ठार मारण्याची धमकी दिली’ ही वाक्ये भरे गावात काय किंवा दुसऱ्या कोणत्या गावात काय, कोणीही बोलत नाही. यांतील प्रत्येक पद कायद्यातील एकेका घटकाचे वाहन आहे. ‘राग मनात धरून’ हेतूसाठी, ‘संगनमत’ सामायिक इराद्यासाठी, ‘मंडळी’ जमावासाठी, ‘धमकी’ कलम ३५१ साठी. फिर्यादीची भाषा ही घटनेच्या वर्णनाची भाषा राहत नाही. ती कलमांच्या गरजेची भाषा होते. ‘तुला बघून घेतो’ हे रागाचे बोलणे आणि जिवे मारण्याची धमकी यांतील अंतर या साच्यात नाहीसे होते.

साक्ष नोंदवण्याची पद्धतही येथे विचारात घेतली पाहिजे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने साक्ष सामान्यतः कथनरूपाने उतरवावी असे सांगितले होते. प्रश्नोत्तररूपाची मुभा न्यायाधीशास दिलेली होती. नव्या संहितेतही ही व्यवस्था कायम आहे. परिणामी उलटतपासातील जिवंत देवघेव ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे’ अशा ठरीव वाक्यांत गोठते. साक्षीदार किती थांबला, प्रश्न त्याला उमगला की नाही, ‘व्हय’ हे त्याने संमतीने म्हटले की केवळ ऐकत असल्याची खूण म्हणून, यांपैकी काहीही अपील न्यायालयापर्यंत पोहोचत नाही. पोलिसांपुढील जबाब आणि न्यायालयातील साक्ष यांतील महत्त्वाची उणीव हीसुद्धा विसंगती ठरू शकते, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने तहसीलदार सिंग प्रकरणी १९५९ मध्ये केली. बचावाचे हे प्रमुख शस्त्र आहे. परंतु ज्या दोन मजकुरांची तुलना करावयाची, त्यांपैकी एकही साक्षीदाराच्या बोलीत नसेल, तर विसंगती साक्षीदाराची की लेखनिकाची, हा प्रश्न उरतोच.

४

न्यायालयीन परिभाषेतही पक्ष घेणारे शब्द आहेत. फिर्यादीपक्षाने बोलावलेल्या साक्षीदाराने त्या पक्षाला अनुकूल साक्ष दिली नाही की त्याला ‘फितूर’ म्हणतात. मराठी इतिहासाच्या वाचकाला फितुरी म्हणजे शत्रूला किल्ल्याचे दार उघडून देणे एवढेच ठाऊक असते. साक्षीदार कोणाचा चाकर होता, म्हणून तो फितूर व्हावा? त्याची निष्ठा शपथेशी आहे, पक्षाशी नाही. कायद्याने हा शब्द वापरलेलाच नाही. बोलावणाऱ्या पक्षाला आपल्याच साक्षीदारास उलटतपासातील प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, एवढेच कायदा म्हणतो. अशा साक्षीदाराची साक्ष सर्वस्वी पुसली जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये स्पष्ट केले. तरीही वृत्तपत्रांतील ‘साक्षीदार फितूर’ हा मथळा वाचकाच्या मनात निवाडा अगोदरच करून टाकतो. साक्षीदार लाच घेऊन वा भीतीने फिरतात हे खरे. पण पोलिसांनी लिहिलेला जबाब आपला नव्हता एवढेच सांगणाराही याच शब्दाखाली येतो.

‘संशयाचा फायदा’ हाही असाच शब्दप्रयोग. ‘फायदा’ म्हटले की कोणीतरी कोणाला काही देऊ केल्याचा भास होतो. वस्तुतः आरोप निःसंशय सिद्ध करण्याचा भार फिर्यादीपक्षावर असतो. तो न पेलल्यास आरोपी सुटतो. येथे देणगी नाही. पण ‘संशयाचा फायदा देऊन सुटका’ असे वाचणारा गावकरी सुटलेल्या माणसाकडे जन्मभर संशयानेच पाहतो. एका शब्दाने निर्दोषित्वाचे गृहीतक उलटे होते.

तिसरे उदाहरण ‘राजद्रोह’. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कलमातील मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला. पुढे १८९८ मध्ये कलमाची शब्दरचनाच बदलण्यात आली. स्वातंत्र्यानंतर राजा गेला, तरी मराठीत ‘राजद्रोह’ राहिला आणि बोलण्यात त्याची जागा हळूहळू ‘देशद्रोह’ या शब्दाने घेतली. शासनावरील टीका आणि देशाशी वैर यांतील भेद १९६२ च्या केदारनाथ सिंग निकालाने जपला होता. हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा, असे त्याचे सूत्र. बोलीने तो भेद पुसला. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुने कलम स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो शब्द नाही. कलम १५२ भारताचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी बोलते. नाव गेले म्हणून अर्थ गेला असे मानण्याचे कारण नाही. ‘विध्वंसक’ व ‘फुटीरतावादी’ यांसारखी विशेषणे कोणत्या वाक्याला लागतात आणि कोणत्या नाही, हा वाद न्यायालयांना व्याख्येवाचूनच सोडवावा लागेल आणि त्यात बचावपक्षाला १९०८ व १९१६ या दोन्ही वर्षांची आठवण ठेवावी लागेल.

५

आरोपीच्या भाषेचा अधिकार कायद्याला अपरिचित नाही. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या निकालाचे उदाहरण येथे मननीय आहे. नागपूर येथील स्थानबद्धाला अटकेची कारणे इंग्रजीत देण्यात आली. त्याने हिंदी प्रत मागितली. कारणे तोंडी समजावून सांगितली आहेत व इंग्रजी ही राजभाषा आहे, या सबबींवर मागणी नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता अवैध ठरवली. कारण ‘कळवणे’ म्हणजे समजेल अशा भाषेत कळवणे. १९७८ च्या होस्कोट प्रकरणी, तेही महाराष्ट्रातलेच, निकालाची प्रत व गरजूस विनामूल्य वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचा भाग ठरला. २०१२ च्या कसाब निकालाने आरोपीला प्रथम हजर करतानाच वकिलाच्या अधिकाराची जाणीव देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले. अमक्याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील-संघटना कधीकधी करतात. ते अवैध असल्याचे २०१० मध्येच सांगण्यात आले आहे.

महाराष्ट्रात २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. हे पाऊल योग्यच होते; पण त्याने प्रश्न संपला नाही. कारण दप्तराची मराठी ही भरे गावची मराठी नव्हे, आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्यामुळे अपिलात तीच साक्ष पुन्हा भाषांतरित होऊन जाते. वृद्धेचे वाक्य प्रथम पोलिसी मराठीत, मग न्यायालयीन मराठीत, मग इंग्रजीत, असे तीन उंबरठे ओलांडते. १९०८ मध्ये एकच उंबरठा होता, तरी तो पुरेसा ठरला.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. शब्दांचा असा कीस काढल्याने खरे गुन्हेगार सुटणार नाहीत काय? काही सुटतील. बचावाची दृष्टी ही एका पक्षाची दृष्टी आहे. आपल्या अशिलास प्रतिकूल असा शब्द दप्तरातून गळला असेल तर वकील तो शोधावयास जाणार नाही. ही तिची खरी मर्यादा. परंतु उपाय ती दृष्टी दडपण्यात नाही. मूळ शब्द सर्वांसाठी जपून ठेवण्यात आहे. कारण ‘म्हनं’ गळण्याने जसा आरोपी भरडला जातो, तसा पीडित स्त्रीच्या जबाबातील नेमका शब्द सभ्यतेच्या नावाखाली बदलला की तिचा पुरावाही दुबळा होतो. शब्दाची अचूकता ही कोणा एका पक्षाची मालमत्ता नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. साक्षीदाराच्या पोलिसी जबाबाबाबत मात्र ते ऐच्छिक आहे. भाषेच्या दृष्टीने पाहता हा क्रम उलटा आहे. वस्तू पुन्हा पाहता येते; उच्चारलेले वाक्य एकदा हरवले की पुन्हा ऐकता येत नाही. जबाबाचे ध्वनिमुद्रण सक्तीचे करणे, साक्षीतील निर्णायक वाक्ये साक्षीदाराच्या बोलीतच अवतरणात ठेवणे आणि उलटतपासाचा कळीचा भाग प्रश्नोत्तररूपाने नोंदवणे, या तीन सुधारणांपैकी शेवटच्या दोहोंना नवा कायदा करण्याचीही गरज नाही. विद्यापीठांच्या भाषाविभागांनीही तालुकावार बोलींतील क्रियापदे, आदरार्थी रूपे व ‘म्हणे’सारखी अव्यये यांची टिपणे न्यायाधीश, वकील व पोलीस यांच्या उपयोगी पडतील अशी तयार केली, तर बोलीविज्ञानाचा तो एक सार्थ उपयोग ठरेल.

वृद्धेने तीन शब्दांत जेवढे सांगितले तेवढेच न्यायासनापर्यंत पोहोचावे: एक आदरार्थी सर्वनाम, एक संदिग्ध क्रियापद, आणि आपण स्वतः काही पाहिले नाही ही कबुली. त्यातून आरोपी दोषी ठरतो की निर्दोष, हे ठरवणे न्यायाधीशाचे काम. परंतु तिने न उच्चारलेल्या वाक्यावरून ते ठरू नये, एवढी मागणी बचावपक्षाने करावी आणि भाषाशास्त्राने तिला दुजोरा द्यावा, हे युक्तच होय.